नत्राचा वर्षावास

९ फेब्रुवारी
विद्यार्थिनी वसतिगृह, छत्रपती संभाजीनगर

दादा, जय भीम.

पाकिटावरचे माझे अक्षर पाहून तू हे पत्र बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. ठेव, पण फाडू नकोस. मी मृदाशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. उचललास तरी उपयोग नव्हता म्हणा. फोनवर माझी वाक्ये अर्ध्यात थांबतात. कागदावर मी जरा धीट असते.

आईकडून कळले की तू सर्जेरावांना शब्द दिला आहेस. बुद्धपौर्णिमेला घरी येशील, सही करशील आणि पावसाळा सरला की बाबांच्या माघारी आपल्या तिघांच्या नावावर आलेल्या त्या दोन एकरांची वरची माती त्यांच्या वीटभट्टीवर जाईल. आई म्हणते, "भूषण म्हनंल तिथं मी सही करीन." माझीही सही लागेल, ती अडवून मला तुला थांबवायचे नाही; पण मी काय म्हणेन, हे कोणी विचारलेले नाही. म्हणून न विचारताच सांगते. दादा, सहीला एक पावसाळा थांब. बोटभर जाडीची माती घडायला शतके जातात. ती एकदा उचलली की आपल्या हयातीत परत यायची नाही.

तू मला शेवटचे जे बोललास ते मला पाठ आहे. "बाबासाहेबांनी ह्यातनं बाहेर पडायला सांगितलं, आन् तू पदवी घेऊन परत उकिरड्यावर निघालीस." त्यावर मी वाद घालत नाही. मी काय पाहिले तेवढेच सांगते.

तू शाळेत जायला निघायचास तेव्हा सदऱ्याची बाही नाकाशी धरून हुंगायचास. मी लहान होते, मला तो खेळ वाटायचा. मग हापशावर जाऊन तीच बाही पुन्हा साबणाने घासायचास. आपले घर आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत; वर्गात मागच्या बाकावर बसूनही तो वास तुझ्या आधी पोचायचा. पुढे तू गुजरातेत खताच्या कारखान्यात लागलास. अमोनिया म्हणजे काय, हे आता तुझ्याइतके आपल्या गावात कोणालाच ठाऊक नसेल. म्हणून हे तुलाच लिहिते आहे: तुझ्या बाहीला लागणारा वास अमोनियाचा होता. शेणामुतातले नत्र रोज पहाटे हवा होऊन उडून जात होते. ज्या नत्रासाठी तुमच्या कारखान्यात एवढे दाब आणि एवढ्या भट्ट्या लागतात, ते आपल्या भिंतीपलीकडून फुकट आभाळात चालले होते. पुढे पिकाला तेच कमी पडायचे, आणि आपण वर्षानुवर्षे त्याचीच लाज वाटून घेत होतो.

आणखी एक गोष्ट पाहिली. हवा तोडून जाळलेल्या पऱ्हाटीचा एक तुकडा आमच्या प्रयोगशाळेत मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कापसाच्या त्या वाळक्या काडीत, दादा, लेणी होती. ओळीने कोरलेल्या खोल्या, खोलीत खोली, मधून जाणाऱ्या वाटा. आपण शाळेच्या सहलीला फर्दापूरला उतरून अजिंठ्याला गेलो होतो. तिथल्या विहारात भिक्खूंच्या निजायच्या खोल्या असतात ना, अगदी तशा. मॅडम म्हणाल्या, अमोनिया येऊन ह्यांतच राहतो. मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही. मागे रांग लागली होती.

एक पावसाळा, दादा.

तुझी,
रत्नमाला

१६ मार्च
घरून, दौलताबादजवळ

दादा, जय भीम.

तुझे उत्तर आले नाही. पत्र परतही आले नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या परवानगीशिवाय मी एक गोष्ट सुरू केली आहे. बांधावर यंदाच्या पऱ्हाट्यांचा ढीग पडून होता. दरसाल आपण तो पेटवून देतो आणि राख वाऱ्यावर जाते. या वेळी आईने आणि मी शेताच्या कोपऱ्यात खड्डा खणला. तोंड रुंद, तळ निमुळता. तळाशी थोडा जाळ करून त्यावर पऱ्हाट्यांचे थरावर थर टाकत जायचे. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो आणि खालच्या थराला काहीच उरू देत नाही. त्यामुळे खालचे लाकूड राख न होता काळे, हलके आणि कडक होते. वर पांढुरकी राख धरू लागली की लगेच पाणी ओतून विझवायचे.

विझवायच्या वेळी आई आडवी आली. "चांगला फुललेला इस्तू कोन इझवतं गं? सांजच्याला पानी तापवू त्याच्यावर."

"आई, राख झाली तर सगळं वाया जाईल."

"राखंनं भांडी निघत्यात. तुझ्या कोळशानं काय निघतंय?"

मी घागर उपडी केली. वाफेचा लोट उठला आणि त्यातून आईचे हसू ऐकू आले. आत हात घालून मी एक काडी काढली. तिची बोंडाची जागा, फांदीचा वळसा, सगळे जसेच्या तसे होते, फक्त काळे. बोटांत दाबली तर काचेसारखा आवाज झाला. जळूनही तिचा आकार गेला नव्हता. मी ती आईच्या तळहातावर ठेवली. आईने नखाने टिचकी मारून ती कानाशी धरली.

मग आम्ही तो कोळसा कुटून, दोन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवला. अंगाला चिकटलेली राख धुऊन काढावी लागते, कारण राखेचा खारेपणा अमोनियाला उलट हुसकावून लावतो. त्यानंतर तो गोठ्यात बैलजोडीच्या आणि गाईच्या पायांखाली पसरला. रोजचे शेणमूत त्यातच मुरते, आणि मुरलेले सगळे सावलीतल्या ढिगावर जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात शेणखताचे लहान लहान ढीग शेतभर टाकून पेरणीपर्यंत उन्हात वाळत ठेवायची रीत आहे. यंदा आपण तसे केले नाही. अर्ध्या शेतासाठी नेहमीचे खत आणि अर्ध्यासाठी हे, दोन्ही झाकून ठेवणार आहोत.

पसरून झाल्यावर आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लोकं कोळशावर भाकरी भाजत्यात, माझी लेक कोळशावर गाय निजवती."

तुझी,
रत्नमाला

२० एप्रिल
घरून

दादा, जय भीम.

आज घडलेले जसेच्या तसे लिहिते.

दुपारी सर्जेराव आले. त्यांच्या वडिलांनी आपल्या ओट्यावर कधी पाणी घेतले नव्हते. सर्जेराव चहा घेतात, आणि साखर कमी पडली तर बोलूनही दाखवतात. खुर्ची गोठ्याच्या भिंतीला टेकवून बसले. इकडेतिकडे पाहू लागले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मनकर्णाबाई, जनावरं इकली का काय?"

आई दचकली. "का वं? हायती की."

"नाय, वास नाय आला म्हनून इच्यारलं."

तेवढ्यात भिंतीपलीकडे गाय हंबरली. सर्जेराव उठले, आत डोकावले, दाराशी वाकून नाकाने लांब श्वास घेतला. लोक अत्तर हुंगतात तसा. "आयला," एवढेच म्हणाले.

आई आत येऊन माझ्या कानाशी कुजबुजली, "वास कुठं गेला गं?"

दादा, ह्या प्रश्नाचे उत्तर मी परीक्षेत कितीदा लिहिले असेल. अमोनियम आयन, पृष्ठभाग, सच्छिद्रता. आईने विचारले तेव्हा त्यातला एकही शब्द तोंडात येईना. आपल्या दोघांच्या बालपणाएवढा जुना वास आपल्या घरातून गेला होता आणि कुठेच गेला नव्हता. तो तिथेच, गाईच्या पायांखाली, काळ्या काड्यांच्या खोल्यांत राहिला होता. मी म्हणाले, "वर्षावासाला बसलाय." आषाढ पौर्णिमेपासून भिक्खू पावसाळाभर एका जागी राहतात, फिरत नाहीत, आपल्या विहारात त्या दिवसांत वाचन लागते, ते आईला ठाऊकच आहे. तिला हे पटकन कळले. "मंग पाऊस सरल्यावर बाहेर पडंल म्हन," ती म्हणाली. "पिकाच्या मुळाशी," मी म्हणाले.

जाताना मी माती न उचलण्याविषयी एक वाक्य कसेबसे बोलले, तर सर्जेराव मला म्हणाले, "पोरी, तुझं खरं असंल. पर गाळाची माती हाय तुमची, वीट खणखणीत निघती. भूषणनं शब्द दिलाय." त्यांचे बोलणे वाईट नव्हते. शब्द तू दिला आहेस, हेही खरेच आहे.

बुद्धपौर्णिमेला ये. सही करायच्या आधी फक्त एकदा गोठ्याच्या दारात उभा राहा. मी काहीही बोलणार नाही. मला बोलता येत नाहीच.

तुझी,
रत्नमाला

१४ मे
वसतिगृह

दादा,

तू येऊन गेलास. मी शहरात परत आले आहे.

काय झाले ते मला अजून कळलेले नाही, आणि न कळलेल्या गोष्टीला कळल्याचे नाव देणार नाही. आदल्या संध्याकाळी मी शेवटच्या बसने घरी पोचले तेव्हा घर पांढरेशुभ्र दिसत होते, पंचशील ध्वज लागला होता आणि आई थकून झोपली होती. सकाळी तू अंगणात पाय ठेवलास आणि रुमाल नाकाशी नेलास. तोपर्यंत मलाही वास आला होता. रोजचा नव्हे, डोळ्यांतून पाणी काढणारा, घशात रुतणारा. मी आयुष्यात आपल्या गोठ्यात एवढा वास घेतलेला नाही.

"हाच," तू म्हणालास. "ह्याच्यासाठी थांबायला सांगत होतीस?"

मी तुझ्या बुटांकडे पाहत उभी राहिले.

वंदना झाली, खीर झाली. तू सर्जेरावांना फोनवर "कागद तिकडंच पाठवा, सही करून धाडतो" म्हणालास, ते मला माजघरात ऐकू आले. आईने तुझे ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवले होते, की तू बसस्थानकावरून परत येशील. पुढचे लिहीत नाही.

पुस्तकांत मी जे वाचले ते खोटे नसावे. मग माझ्याच हातून काहीतरी चुकले असावे: कोळसा कमी पडला, किंवा त्याच्या खोल्या भरून गेल्या. मॅडमना विचारायचे आहे, पण काय विचारायचे तेच सुचत नाही. सर्जेराव तेव्हा दाराशी उभे राहिले होते ते खरे, आणि हा वासही खरा.

कागद आले असतील. सहीबद्दल आता काही म्हणत नाही.

रत्नमाला

८ जून
घरून

दादा, जय भीम!

तुझे पोस्टकार्ड मिळाले. माझ्या एवढ्या पानांना तुझी तीन वाक्ये. "गोठ्यात चुना टाकला होता का? आईला विचार. सही अजून केलेली नाही."

कार्ड वसतिगृहात हातात पडताच मी बस पकडली आणि घरी येऊन चप्पलही न काढता विचारले, "आई, बुद्धपौर्णिमेच्या आधी गोठ्यात चुना टाकला होतास?"

"टाकला की!" आई केवढ्या अभिमानाने म्हणाली! "भूषण येनार, गोठा पांढरा नको व्हय? भितीला फासला. घंगाळभर उरला, त्यो खाली वतला, ढिगावर बी मारला. जंतू मरत्यात. मागं त्याला शाळंत लई बोलत व्हते, म्हनलं आता तरी सोच्छ दिसू दे."

दादा, मी दारातच बसले. तू आपल्या कारखान्यात जे रोज पाहतोस ते मला पुस्तकात पान उलटून शोधावे लागले असते: चुन्याचा खारेपणा भिडला की धरून ठेवलेले अमोनियम अमोनिया होऊन सुटते. राख धुवायची हे मला ठाऊक होते, पण चुना राखेचाच थोरला भाऊ आहे हे मी घरात कोणाला सांगितले नव्हते. तुला पानेच्या पाने लिहिली आणि आईला एक वाक्य सांगायचे राहिले.

आईला समजावून सांगितले तेव्हा तिचा चेहरा उतरला. "म्हंजी बसलेल्या पाव्हन्याला मीच उठवून लावलं म्हन की." मग जराशाने, "आन् भूषणला कसं कळलं गं, इतक्या लांबून?"

"तो हेच काम करतो, आई."

"शेनाचं?" ती इतक्या भाबडेपणाने म्हणाली की मला हसू आवरेना, मग तीही हसली, डोळ्यांना पदर लावून. रागावू नकोस. पण खरेच, आपण तिघेही एकाच गोष्टीच्या मागे आहोत. तू नळ्यांतून, मी भिंगातून आणि आई खराट्याने.

तुला एक सांगायचे आहे. त्या सकाळी जो वास तुझ्या अंगावर आला तो कोळशाने आठवडेच्या आठवडे साठवलेला होता. तेवढा आत मावला होता, ह्याची मला कल्पनाही नव्हती. चुन्याने दार उघडले म्हणून दिसले. मी आज पुन्हा त्या काळ्या चुऱ्यापुढे उकिडवी बसले आणि ओंजळीत घेतला. ओंजळभर जळकी काडी, आणि तिच्यात एवढे मोठे घर.

चुना लागलेला थर उचलून बाजूला केला आहे. नवा कोळसा पसरला. पेरणीपर्यंत दिवस थोडे आहेत, तरी होईल तेवढे होईल. परतीच्या गाडीतून उतरायच्या आधीच तुला चुन्याची शंका आली असणार, मला वाटते. मग इतके आठवडे का थांबलास ते विचारत नाही. तू थांबलास, आणि सहीदेखील थांबली.

तुझी,
रत्नमाला

ता. क. आई म्हणते, कार्डावर खुशाली लिहायची असते, चुना नव्हे.

१२ ऑक्टोबर
घरून

दादा, जय भीम.

भाद्रपदात पावसाने थांबायचे नावच घेतले नाही, हे तू बातम्यांत पाहिले असशील. खालच्या शिवारात मका पाण्यात उभा राहून सडला. आपले शेत उताराला आहे म्हणून पाणी थांबले नाही, पण वाहून जाताना मातीतले नत्र घेऊन गेले. नेहमीचे खत घातलेल्या अर्ध्या भागात मक्याची खालची पाने पिवळी पडली, टोकापासून आत, उलट्या पाचरीसारखी. नत्र संपल्याची ती खूण आहे. शेजारच्या अर्ध्यात तोच पाऊस, तेच बियाणे, पण पाने हिरवी. मधोमध सरळ रेघ. आई एका सकाळी बांधावर उभी राहून मला हाक मारत होती. गेले तर ती नुसते बोट दाखवत राहिली.

तू त्या दिवशी व्हिडिओवर जे पाहिलेस ते आईने मला न विचारता केले. फोन आडवा धरायचा, उभा धरायचा, आभाळच किती वेळ दाखवले तिने! मी पिकाच्या आत होते, म्हणून तुझा आवाज ऐकला. "रेघ कोणी आखली?" असे विचारलेस. आई म्हणाली, "कोनी नाय. खताची हाय." आईला वाटले फोन बंद पडला. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि तू म्हणालास, "आहे, आई. बघतोय."

एका हंगामाने काही सिद्ध होत नाही, हे मी प्रबंधात लिहिणार आहे आणि तुलाही लिहिते. पुढच्या वर्षी पाऊस वेगळा असेल. हिरव्या भागाची कणसे भरदार आहेत, हातात घेतल्यावर कळते. पण त्यात कोळशाचा वाटा किती आणि उताराचा किती, हे अजून मोजायचे आहे. कदाचित कितीतरी वर्षे मोजत राहावे लागेल. त्यासाठी माती जागेवर असावी लागते.

परवा सर्जेराव आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "भूषणचा फोन आलता. 'माती हलनार नाय' म्हनला. शब्द फिरवला म्हनून माफी मागितली वर." आईने घाबरून माझ्याकडे पाहिले. मग तेच म्हणाले, "मी म्हनलं, माफीचं राहू दे गड्या, माझ्या म्हशींच्या गोठ्याला ते काळं कसं करायचं, तेवढं बहिनीला सांगाया लाव." आई म्हणाली, "बसा, च्या घ्या. आन् सर्जेराव, चुना मातर लावू नका हां."

हे तू मला का कळवले नाहीस? नको, सांगू नकोस. मी ओट्यावरून उठून थेट शेतात गेले आणि मका काढलेल्या सऱ्यांमधून या बांधापासून त्या बांधापर्यंत चालत राहिले. पायाखाली सगळे जागच्या जागी होते.

तुझ्या सुट्टीच्या तारखा आईला कळल्या. तू विचारलेस की रब्बीला काय घ्यायचे. ओल चांगली आहे; हरभराही येईल, गहूही येईल. मी दोन्हींविषयी तुला पाने भरून लिहू शकते, पण ह्या वेळी लिहीत नाही. तू ठरव. पेर तूच करायचीस. आई म्हणते, तिफण धरायचे विसरला असशील तर विसर. बैलांना तासाची रेघ ठाऊक आहे.

तुझी,
रत्ना